पाय जमिनीवर किती वेळ?

चाळिशी ओलांडलेली, हौसेनं पण नियमित पळणारी माणसं एका संशोधनासाठी हवी होती. एकाच माणसाला चालायला, पळायला आणि जीव तोडून स्प्रिंट मारायला लावायचं आणि तिन्हींत शरीर काय करतं ते मोजायचं, असा तो प्रकल्प. मी लगेच नाव दिलं. विज्ञानाची सेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं. ‘टाच आधी टेकवू नकोस’, ‘पावलं छोटी टाक’, ‘मिनिटाला १८० पावलं पडलीच पाहिजेत’ हे सल्ले वर्षानुवर्षं ऐकून कान किटले होते. आपल्या पायांत नेमकं काय चालतं ते एकदा आकड्यांत बघायचं होतं.

गेल्यावर कळलं की पहिला बराच वेळ पळण्यात जात नाही, चिकटवून घेण्यात जातो. साधारण सेंटिमीटरभर व्यासाचे, प्रकाश परतवणारे गोल मार्कर अंगभर लावतात. त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. हाड कातडीच्या अगदी लगत येतं तिथेच ते लावायचे: घोट्याच्या दोन्ही बाजू, गुडघ्याच्या दोन्ही बाजू, टाच, पायाच्या बोटांच्या मुळाशी, कमरेच्या हाडाची पुढची टोकं आणि पाठीमागच्या दोन खळ्या. भोवतीच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त हे ठिपके दिसतात. एकच ठिपका दोन किंवा जास्त कॅमेऱ्यांना दिसला की त्याची खोलीतली जागा काढता येते. चिकटवणारा विद्यार्थी हाडाचं टोक बोटांनी चाचपून शोधायचा, पेनानं खूण करायचा, मग पुन्हा चाचपायचा. “ताई, जरा डाव्या पायावर भार घ्या,” असं अधूनमधून चालू. इतकी खबरदारी का, हे मी विचारलं. मार्कर बसतो कातडीवर, हाडावर नाही, आणि धावताना मांडीची कातडी हाडावरून चांगलीच सरकते. गुडघा किती वाकला हा आकडा त्यामुळे भरवशाचा असतो, मांडीचं हाड स्वतःभोवती किती वळलं हा तितकासा नसतो. रंगीत अहवालात दोन्ही आकडे सारख्याच ठसठशीत अक्षरांत छापलेले असतात, म्हणून हे आधीच कळलेलं बरं.

मग ईएमजीचे, म्हणजे स्नायूंमधले विजेचे संकेत टिपणारे, इलेक्ट्रोड. नडगी, पोटरी, मांडीची पुढची आणि मागची बाजू, नितंब. तिथली लव काढायची, स्पिरिटनं पुसायचं, चिकटवायचं, वर पट्टी गुंडाळायची. हे सगळं चालू असताना त्यानं मला ब्राउने आणि फिशर यांच्याबद्दल सांगितलं. या दोघांनी १८९० च्या दशकात लाइपझिगमध्ये माणसाच्या चालण्याचं पहिलं त्रिमितीय मोजमाप केलं. विजेवर चमकणाऱ्या वायूच्या बारीक नळ्या माणसाच्या अंगावर बांधल्या, अंधारात त्याला चालवलं आणि कॅमेऱ्यांनी टिपलं. बांधाबांधीतच तासन् तास जात, आणि पुढची आकडेमोड सगळी हातानं. तिला वर्षं लागली. हे ऐकल्यावर माझी कुरकुर थांबली.

पहिली पाळी चालण्याची. लांबलचक वाट, मध्ये जमिनीत बसवलेल्या फोर्स प्लेट, म्हणजे पायाखालचं बल मोजणाऱ्या पाट्या. रंग आजूबाजूच्या फरशीचाच, आणि त्यांच्याबद्दल मला मुद्दामच काही सांगितलेलं नव्हतं. विद्यार्थी दर फेरीनंतर माझी सुरुवातीची खूण थोडी पुढे-मागे सरकवत होता, तेही काही न बोलता. कारण नंतर कळलं. प्लेटवर पाय नेमका पडायला हवा हे माणसाला सांगितलं, की तो तिच्या अलीकडे पाऊल आखडतं तरी घेतो किंवा ताणतो तरी, आणि मग मोजलं जातं ते नेम धरून चालणं. म्हणून चालणाऱ्याला सहज चालू द्यायचं आणि पाऊल प्लेटवर पडेल अशी सुरुवात हलवत राहायची.

पडद्यावर आलेख उमटला तेव्हा मी खरंच थबकले. ताशी ५ किलोमीटरच्या माझ्या साध्या चालीत एक पाय जमिनीवर सुमारे ०.६५ सेकंद होता. तेवढ्या वेळात जमिनीनं पायाला वर ढकललेल्या बलाला दोन टेकाडं होती आणि मध्ये दरी. टेकाडं माझ्या वजनाच्या साधारण १.१ पट, दरी ०.८ च्या आसपास. म्हणजे एका पायावर उभी असताना, पाऊल अर्ध्यावर असताना, मी जमिनीला माझ्या वजनापेक्षा कमीच जाणवत होते.

ही दरी म्हणजेच चालण्याची युक्ती. टेकलेला पाय जवळजवळ सरळ राहतो आणि शरीर त्याच्यावरून कमानीत पलीकडे जातं, उलटा धरलेला लंबकच तो. वर चढताना वेग थोडा कमी होतो, गतिज ऊर्जेची स्थितिज ऊर्जा होते. पलीकडे उतरताना तीच ऊर्जा वेग म्हणून परत मिळते. कमानीच्या माथ्यावरून जाताना शरीर खालच्या दिशेला वळत असतं, म्हणून तिथे जमिनीला कमी जोर लावावा लागतो. ही देवाणघेवाण जोव्हानी काव्हान्या आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासून फोर्स प्लेटच्या मदतीनं मोजली. मध्यम चालीत ६० ते ७० टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी पुन्हा वापरली जाते. स्नायूंच्या वाट्याला राहतं ते मुख्यतः एका कमानीवरून दुसऱ्या कमानीवर उडी घेण्याचं काम. पुढचा पाय टेकतो तेव्हा शरीर खाली येत असतं, त्याला पुन्हा वर वळवायचं असतं. मागच्या पायाच्या घोट्यानं त्याच्या जरा आधी जोर दिला, तर पुढच्या पायावर आदळण्यात वाया जाणारी ऊर्जा वाचते.

ईएमजीवरही हे दिसत होतं. टाच टेकताक्षणी नडगीचा स्नायू जागा होतो, तळपाय फटकन आपटू नये म्हणून त्याला हळू खाली सोडतो. मांडीचा पुढचा स्नायू थोडा वेळ काम करतो आणि पाऊल अर्ध्यावर येईपर्यंत जवळपास गप्प होतो. मग पोटरी. तिची रेघ शेवटपर्यंत चढत जाते आणि पाय सुटण्याच्या बेतात असताना थांबते. नितंबाच्या बाजूचा स्नायू पूर्ण वेळ कमरेचा अधांतरी भाग तोलून धरतो. तो कमजोर असेल तर दुसऱ्या बाजूची कंबर खचते.

एक फेरी हात छातीशी बांधून चालायची होती. हात मोकळे असतात तेव्हा ते पायांच्या उलट झुलतात आणि धडाला गरगर फिरवू पाहणारा संवेग बराचसा खोडून काढतात. हात न झुलवता चाललं तर ऊर्जेचा खर्च सुमारे १२ टक्के वाढतो असं प्रयोगांत दिसलंय. मला ते आकड्यांआधी पाठीत जाणवलं. फोनमध्ये डोकं घालून, दोन्ही हात पोटाशी धरून चालणारी माणसं मला हल्ली थोडी केविलवाणी वाटतात ती यामुळे.

दुसऱ्या सत्रात ट्रेडमिल. सूचना एकच: वेग हळूहळू वाढत जाईल, पळायचं कधी ते तुम्ही ठरवू नका, पायांना ठरवू द्या. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात ताशी साडेसहानंतर चालणं हे कष्टाचं काम होतं, आणि कष्ट सगळ्यात आधी नडगीत जाणवतात. पाऊल लवकर पुढे आणायचं, चवडा वर धरायचा, टेकवताना जपून सोडायचा, हे सगळं त्या एका बारीकशा स्नायूच्या गळ्यात. ताशी सातच्या जरा पुढे माझी पावलं आपोआप पळायला लागली आणि नडगीला एकदम हायसं वाटलं.

त्या वेगाचं गणित आधीच मांडता येतं. शरीर कमानीवरून जात असेल तर त्याला कमानीवर धरून ठेवणारं बल एकच, गुरुत्वाकर्षण. वेगाचा वर्ग भागिले पायाची लांबी हे गुरुत्वीय त्वरणापेक्षा जास्त झालं, की कमान सुटते आणि शरीर हवेत उडतं. या दोहोंच्या गुणोत्तराला विल्यम फ्रूड या जहाजांच्या अभियंत्याचं नाव आहे. प्राण्यांच्या चालींना ते लावून दाखवलं मॅकनील अलेक्झांडर यांनी. माझा पाय ०.८६ मीटर. गुणोत्तर १ होण्याचा वेग येतो ताशी साडेदहा, पण माणसं तिथवर थांबत नाहीत. गुणोत्तर ०.५ च्या आसपास आलं की ती पळू लागतात, म्हणजे माझ्यासाठी ताशी ७.४. पाय त्याच्या किंचित आधीच बदलले. लहान मूल मोठ्या माणसाचा हात धरून चालताना मध्येच दुडक्या चालीनं का पळतं, त्याचं उत्तरही याच सूत्रात आहे. पाय आखूड, म्हणून त्याची मर्यादा लवकर येते. चंद्रावर गुरुत्वाकर्षण सहाव्या हिश्श्याचं, तिथे हे बदलणं सेकंदाला ०.८५ मीटरच्या आसपासच व्हायला हवं. अपोलोचे अंतराळवीर चालण्याऐवजी टुणटुणत जाताना दिसतात ते काही उत्साहानं नाही.

चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू मात्र ही मर्यादा धुडकावतात. २० किलोमीटर ८० मिनिटांच्या आत म्हणजे ताशी १५ किलोमीटरच्या वर, तेही चालत! नियम दोन: नुसत्या डोळ्यांना दिसेल असा जमिनीचा संपर्क सुटता कामा नये, आणि पाय टेकल्यापासून तो शरीराखाली उभा होईपर्यंत गुडघा सरळ हवा. कंबर ते ज्या तऱ्हेनं फिरवतात आणि खाली सोडतात, त्यानं शरीराची कमान सपाट होते. लोक त्या चालीला हसतात. मी त्या ट्रेडमिलवरून उतरल्यापासून हसत नाही.

पळणं हा मला या सगळ्यातला सगळ्यात रंजक भाग वाटला, आणि इथेच माझ्या बऱ्याच ऐकीव समजुतींना उत्तरं मिळाली.

ताशी १० किलोमीटर हा माझा रोजचा वेग. तोंडावर मास्क, श्वासातला ऑक्सिजन मोजणारी नळी, आणि ट्रेडमिलच्या पट्ट्याखाली फोर्स प्लेट. आलेखातली दोन टेकाडं गायब. त्या जागी एकच उंच कमान, तिच्या चढावर एक छोटा अणकुचीदार सुळका. सुळका माझी टाच टेकण्याचा. कमानीचा माथा वजनाच्या २.२ पट. पाय जमिनीवर ०.२६ सेकंद, आणि दोन पावलांच्या मध्ये साधारण ०.१ सेकंद मी पूर्ण हवेत.

२.२ पट म्हटल्यावर मी विचारलं, हे जास्त आहे का? त्यावर प्रकल्पाच्या प्रमुख बाईंनी आलेखावर बोट ठेवून जे समजावलं, त्यानं माझ्यापुरता सगळा विषय उलगडला. तुम्ही एका पातळीवर पळत आहात, दर पावलाला वर-वर किंवा खाली-खाली जात नाही. म्हणजे पूर्ण वेळाची सरासरी काढली तर जमिनीनं तुम्हाला वर ढकललेलं बल तुमच्या वजनाइतकंच यायला हवं. एक कणही कमी नाही. माझ्या एका पावलाचा काळ ०.३६ सेकंद, त्यातले ०.२६ पाय जमिनीवर. मग त्या ०.२६ मध्ये सरासरी बल वजनाच्या १.४ पट असलंच पाहिजे, आणि आलेख कमानीसारखा असल्यामुळे माथा दोनाच्या वर जाणारच. कर्ज तेवढंच, हप्ते कमी केले की प्रत्येक हप्ता मोठा. पळण्यात ‘जोर किती लावू’ हा प्रश्न मुळात तुमच्या हातात नाही. पाय जमिनीवर किती वेळ ठेवता हे ठरलं की जोर ठरला.

त्यानंतर मी प्रत्येक आकड्याकडे याच नजरेनं बघायला लागले. चालताना दोन्ही पाय मिळून सदैव जमिनीवर, काही क्षण तर दोन्ही एकदम, म्हणून बल वजनाच्या आसपासच घुटमळतं.

ऊर्जेचंही तसंच. पळताना लंबक उपयोगाचा नाही, कारण पाऊल अर्ध्यावर असताना शरीर सगळ्यात खाली असतं आणि त्याच वेळी वेगही सगळ्यात कमी. एक घटली की दुसरी वाढते असा व्यवहारच तिथे नाही. मग ऊर्जा जाते कुठे? बरीचशी ताणात. गुडघा आणि घोटा वाकतात, अकिलीस टेंडन (पोटरीला टाचेशी जोडणारा दोर) ताणला जातो, तळपायाची कमान दबते आणि पाय सुटताना दोन्ही परत उसळतात. केर, अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या पायांवर यंत्रानं दाब देऊन हे मोजलं. त्यांचा अंदाज असा की पळताना एका पावलात शरीराची जी ऊर्जा घटते आणि पुन्हा भरते, तिच्यातली सुमारे ३५ टक्के अकिलीस टेंडन साठवतो आणि १७ टक्के तळपायाची कमान. पोटरीचा स्नायू या वेळात फार आखडतही नाही. तो घट्ट धरून बसतो आणि ताणलं जाण्याचं काम टेंडन करतो.

मास्कमधून निघालेला आकडा तर मला आधीच पाठ होता, फक्त कारण माहीत नव्हतं. पळायला किलोमीटरमागे दर किलो वजनाला साधारण १ किलोकॅलरी लागते. हे मार्गारिया यांच्या गटानं १९६३ मध्ये दाखवलं. गंमत अशी की रमत पळा नाहीतर झपाट्यानं, किलोमीटरचा खर्च जवळपास तोच. चालण्याचं तसं नाही. सेकंदाला १.३ मीटरच्या आसपास ते सगळ्यात स्वस्त पडतं, त्याहून हळू किंवा भरभर चाललं की महाग. पळण्याचा खर्च वेगावर का अवलंबून नाही? १९९० मध्ये क्रॅम आणि टेलर यांनी यावर सुटसुटीत उत्तर दिलं. दर सेकंदाचा खर्च पाय जमिनीवर असण्याच्या काळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वेळ कमी मिळाला की तेवढं बल उभं करायला झटपट आखडणारे, पण महाग पडणारे स्नायुतंतू कामाला लावावे लागतात. वेग दुप्पट केला तर पाय जमिनीवर ढोबळमानानं निम्मा वेळ, सेकंदाचा खर्च दुप्पट, पण किलोमीटर निम्म्या वेळात संपतो. हिशेब जागच्या जागी.

मग सल्ल्यांची तपासणी. माझ्या कानाशी मेट्रोनोम लावून पावलांचा ठेका मिनिटाला १६६ वरून सुमारे १० टक्क्यांनी वाढवायला सांगितला, वेग तोच ठेवून. पाऊल आपसूक छोटं झालं, शरीराच्या जवळ पडू लागलं, सुरुवातीचं मागे खेचणारं बल घटलं आणि गुडघ्यावरचा भारही उतरला. ठेका ५ ते १० टक्के वाढवल्यानं गुडघ्याचा ताण कमी होतो हे इतर प्रयोगांतही दिसलेलं आहे, तेव्हा ‘पावलं छोटी टाक’ हा सल्ला पास. १८० चा आकडा मात्र प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली तिथून पसरला. ते जगातले उत्तम धावपटू होते आणि शर्यतीत पळत होते. सकाळी गप्पा मारत पळणाऱ्या माणसानं तो आकडा घड्याळात लावून धापा टाकण्यात काही अर्थ नाही, हे माझं मत, आणि बाईंनीही मान डोलावली.

टाच की चवडा यावर त्या जास्त सावध होत्या. मला काही मिनिटं चवड्यावर पळवलं. आलेखावरचा तो अणकुचीदार सुळका खरोखर नाहीसा झाला, जसा अनवाणी पळण्याची सवय असलेल्या धावपटूंत डॅनियल लीबरमन यांच्या गटाला २०१० मध्ये दिसला नव्हता. पण कमानीचा माथा तेवढाच राहिला, आणि घोट्यावरचा भार वाढला. गुडघ्याचं ओझं कमी झालं ते पोटरी आणि अकिलीसच्या माथी गेलं. गुडघा दुखणाऱ्यानं हा बदल हळूहळू करून बघावा, पोटरी धरणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. काहीच न दुखणाऱ्यानं का बदलावं, हे मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

स्प्रिंटसाठी वेगळा दिवस ठेवला होता, आणि शरीर तापवण्यातच त्यातला बराच वेळ गेला. चाळिशीनंतर पूर्ण ताकदीनं धावण्याचा प्रसंग सहसा बस पकडताना येतो, तोही शरीर थंड असताना. इथे ढिलाई नव्हती.

उभ्यानंच सुरुवात. पहिली काही पावलं मला आवडली. शरीर पुढे झुकलेलं, पाय मागे ढकलतोय, जमिनीवर ०.२ सेकंदाच्या आसपास टिकतोय. इथे बलाची दिशा महत्त्वाची. तेवढंच बल जास्त आडवं लावता आलं तर वेग झपाट्यानं वाढतो. पण वेग वाढला की जमीन पायाखालून पळू लागते आणि ढकलायला वेळच उरत नाही. धड उभं होत जातं. पंचवीस-तीस मीटरांत माझा कमाल वेग आला, सेकंदाला सहा मीटरच्या जरा वर. अव्वल धावपटू त्यापुढेही दुप्पट अंतर वेग वाढवत राहतात.

कमाल वेगाच्या आलेखानं मला चकित केलं. तिथे पुढे ढकलणं जवळपास उरलेलंच नसतं. पाय टेकताना लागणारा ब्रेक आणि सुटताना मिळणारा रेटा एकमेकांना खोडतात, शिल्लक राहते ती फक्त हवेच्या रोधाची भरपाई. सगळी ताकद उभी, खाली जमिनीत जाते. माझा पाय आता जमिनीवर ०.१३ सेकंद, पाऊल ०.२५ सेकंदांचं. भागाकार केला की सरासरी वजनाच्या १.९ पट आणि माथा तिपटीजवळ. एका पायावर. अव्वल धावपटूंना मिळतात ०.०८ ते ०.१० सेकंद, आणि माथा चार पटींच्याही वर जातो.

मला वाटायचं वेगवान माणसं पाय भराभर फिरवतात. पीटर वेयंड यांच्या गटानं २००० मध्ये नेमकं हेच तपासलं. सेकंदाला ६.२ ते ११.१ मीटर असा कमाल वेग असलेले लोक घेतले आणि पाय हवेतून पुढे आणायला प्रत्येकाला किती वेळ लागतो ते मोजलं. वेळ जवळपास सारखाच निघाला. माझाही त्याच घरातला, ०.३७ सेकंदांच्या आसपास. फरक होता जमिनीला दिलेल्या बलात. सगळ्यात वेगवान माणूस सगळ्यात हळू माणसाच्या सुमारे १.२६ पट बल लावत होता. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते निम्म्याहून थोड्याच जास्त वेळात लावायचं असतं. उसेन बोल्टनं २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांत १०० मीटर पार केले ते सुमारे ४१ पावलांत. ६० ते ८० मीटरचा टप्पा १.६१ सेकंदांत आणि शेवटचे २० मीटर १.६६ मध्ये. म्हणजे शेवटी तोही मंदावत होता. प्रतिस्पर्धी त्याहून जास्त मंदावत होते म्हणून तो सुसाट सुटल्यासारखा दिसतो.

ईएमजीवरची एक रेघ बघून मात्र पोटात गोळा आला. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग पाय टेकायच्या आधीच, हवेतच, कडाडून पेटत होता. नडगी पुढे भिरकावली जात असते, तिला हा स्नायू आवरतो, आणि ते करताना स्वतः ताणला जात असतो. स्प्रिंटमध्ये हॅमस्ट्रिंग फाटण्याचा धोका या क्षणी मोठा असतो. म्हणून शरीर तापवण्यावर इतका भर, आणि म्हणून शेवटच्या फेरीत मांडी जरा ओढल्यासारखी वाटतेय म्हटल्यावर विद्यार्थ्यानं शांतपणे “ताई, बास” म्हणून संगणक बंद केला.

अहवाल आला तेव्हा डावी-उजवीतला फरक नगण्य होता. त्यात ‘योग्य पद्धत’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, याचा थोडा हिरमोडही झाला. एक नोंद मात्र ठळक होती. चालताना आणि पळताना मागच्या घोट्याचा रेटा अपेक्षेपेक्षा कमी, आणि ती कसर नितंब भरून काढतोय. वय वाढतं तसं काम घोट्याकडून कमरेकडे सरकतं हे माहीत असलेलंच आहे. माझ्यात ते सरकायला लागलंय. त्यावर व्यायाम सांगितला तो अगदीच साधा: टाचा उचलायच्या, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही. वाकवून का, तर गुडघा वाकला की वरची मोठी पोटरी ढिली पडते आणि खालच्या सोलियस स्नायूला काम पडतं. पळताना पोटरीचं सगळ्यात जास्त ओझं तोच उचलतो. सुरुवातीला अंगाच्या वजनावर, मग हातात वजन घेऊन. शिवाय आठवड्यातून एकदा थोडे स्प्रिंट, पूर्ण तापल्यावर, नव्वद टक्के ताकदीनं. कारण कमी वेळात जास्त बल लावायची सवय दुसऱ्या कशानं तितकी राहत नाही.

प्रकल्पाची पुढची फेरी चढ-उतारावर आहे. मिनेत्ती यांच्या मोजमापांनुसार चालणं सगळ्यात स्वस्त पडतं ते साधारण १० टक्के उतारावर आणि पळणं २० टक्के उतारावर. त्याहून तीव्र उतारावर स्वतःला आवरण्याचाच खर्च वाढत जातो. मांडीचे पुढचे स्नायू दोन दिवस बोंब मारतील अशी पूर्वसूचना बाईंनी दिली आहे. नाव दिलंय.